पाऊस मोजतो दिवसाचा, पाणी घरात शिरतं पाऊण तासात

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. थोडी आकडेमोड आहे, पण शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही. पुढचा पावसाळा यायच्या आत हे एकदा लिहून टाकायचंच होतं.

सुरुवात आमच्या गल्लीपासून करतो. मी नांदेडात राहतो, नाल्यापासून चार घरं सोडून. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात एका दुपारी काळं करून आलं. पाचला पाऊस सुरू झाला आणि पावणेसहाला थांबला. अवघा पाऊण तास. पहिल्या वीस मिनिटांत नाली भरून रस्त्यावर आली, अर्ध्या तासात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाणी शिरलं. तांदळाचे कट्टे, साखर, खालच्या फळीवरचं सगळं भिजलं. सहा वाजता ऊन पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे पावसाचे आकडे आले. आमच्या मंडळात ४८ मिलीमीटर. मी एका अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, ६५ च्या वर गेला तर अतिवृष्टी. ४८ म्हणजे मध्यम पाऊस. त्यात काय बातमी?"

ते खोटं बोलत नव्हते. कागदावर तसंच आहे. मी हे दुकानदाराला सांगितलं, तर तो भिजलेली साखर घमेल्यात भरता भरता म्हणाला, "भाऊ, मध्यम पावसात माझ्या दुकानात गुडघाभर पाणी कसं काय आलं?"

वीस वर्षं झाली पत्रकारितेत. याचं उत्तर मला देता आलं नाही. ते शोधायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की चूक नालीत आहेच, पण त्याआधी ती आपल्या मोजण्यात आहे.

आमच्या ओळखीतले एक काका तहसीलमधून निवृत्त झालेत. उमेदीच्या काळात त्यांनी रोज सकाळी पाऊस मोजलाय. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, "हे बघ, आम्ही पाऊस मोजत नव्हतो. बाटलीत साचलेलं पाणी मोजत होतो. रोज सकाळी साडेआठला बाटली काढायची, मोजपात्रात ओतायची, आकडा वहीत टाकायचा. ते पाणी रात्रभर रिमझिम पडलं का अर्ध्या तासात ओतलं, हे बाटली काही सांगत नाही."

साडेआठ ते साडेआठ. आजही पेपरात येणारा जो आकडा आहे, तो या चोवीस तासांचाच. आता महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली आहेत. राज्यात 'महावेध'ची अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. ती यंत्रं दिवसातून एकदा नव्हे, थोड्या थोड्या वेळानं नोंद घेतात. पण आपल्यापर्यंत पोचतो तो दिवसाचा एकच आकडा. यंत्र बदललं, सवय काकांच्या बाटलीचीच राहिली.

आता थोडं गणित.

समजा एका दिवसात १०० मिलीमीटर पाऊस झाला. चोवीसनं भागलं की तासाला साधारण ४ मिलीमीटर येतात. एवढ्या पावसात लोक छत्री घेऊन भाजी आणायला जातात. पण पाऊस असा समान वाटून पडत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे. प्रश्न हा की तो किती असमान पडतो, आणि त्याचा काही हिशोब असतो का?

असतो. जलशास्त्रातल्या अभ्यासकांना फार पूर्वी दिसलं की थोड्या वेळाचा मोठा पाऊस आणि जास्त वेळाचा मोठा पाऊस यांच्यात एक ठरावीक नातं असतं. वेळ अमुक पटीनं कमी केला की पाऊस तमुक पटीनं कमी होतो. आणि मिनिटांवरून तासांवर, तासांवरून दिवसांवर गेलं तरी ते नातं बऱ्यापैकी तसंच राहतं. आपल्या देशात हवामान विभागाचं म्हणून एक सूत्र इंजिनिअर लोक वर्षानुवर्षं वापरतात. घनमुळाचं सूत्र आहे, पण सोप्या भाषेत असं सांगता येईल: वेळ आठपट कमी केला की पाऊस फक्त निम्मा होतो.

हे नीट बघा. चोवीस तासांत १०० मिलीमीटर पाऊस जितक्या वर्षांतून एकदा येतो, साधारण तितक्याच वर्षांतून एकदा तीन तासांत ५० मिलीमीटर येतो. तीन तासांचे पुन्हा आठ भाग करा, साडेबावीस मिनिटं झाली. तेवढ्यात २५ मिलीमीटर.

म्हणजे दिवसभराचा पाव हिस्सा पाऊस साडेबावीस मिनिटांत. तासाच्या वेगात सांगायचं तर दिवसाच्या सरासरीनं ४, तीन तासांच्या हिशोबानं १७ आणि साडेबावीस मिनिटांच्या हिशोबानं ६७ मिलीमीटर. सोळापट. पाऊस तोच, फक्त मोजायची खिडकी लहान केली.

आमच्या गल्लीतला पाऊस आता यात घाला. पाऊण तासात ४८ म्हणजे तासाला ६४ च्या वेगानं पडला तो. दिवसाच्या पट्टीवर 'मध्यम'. नालीच्या पट्टीवर मात्र महापूर. दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे.

हे कुणा एका गावाचं वैशिष्ट्य नाही. जेनिंग्ज नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९५० मध्ये जगभरातले पावसाचे विक्रम एका जागी मांडले. काही मिनिटांचे, काही तासांचे, महिन्यांचे, वर्षांचे. दोन्ही बाजूंना पटीपटीनं वाढणाऱ्या आलेखाच्या कागदावर ते ठिपके टाकले, तर सगळे एका सरळ रेषेच्या आसपास आले. तिथं नियम जवळजवळ वर्गमुळाचा आहे. वेळ चौपट केला की विक्रम दुप्पट. करून बघा. १९४७ मध्ये अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या होल्ट गावात ४२ मिनिटांत ३०५ मिलीमीटर पाऊस झाला. या नियमानं चोवीस तासांचा विक्रम साधारण १७९० यायला पाहिजे. पुढं १९६६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर चोवीस तासांत प्रत्यक्ष पडले १८२५. एक अमेरिकेतलं गाव, एक समुद्रातलं बेट, मध्ये एकोणीस वर्षं, आणि आकडे इतके जवळ. आपल्या चेरापुंजीचा १८६०-६१ मधला बारा महिन्यांचा २६,४६१ मिलीमीटरचा विक्रमसुद्धा त्याच रेषेच्या आसपास बसतो.

जगाच्या विक्रमाला वर्गमूळ आणि आपल्या सूत्रात घनमूळ, असं का? कारण प्रत्येक प्रदेशाचा पाऊस वेगळा. कोकणात दिवसदिवस धरून राहतो. आपल्याकडं मेघगर्जनेसह येतो, तासाभरात ओततो आणि जातो. त्यामुळं ही पट गावागणिक बदलते. नांदेडची वेगळी असेल, लातूरची वेगळी असेल. आणि ती काढायची तर एकच रस्ता आहे. त्या त्या शहरातल्या मिनिटामिनिटांच्या नोंदी पाहिजेत, त्याही वर्षानुवर्षांच्या. उसन्या सूत्रावर आपण किती दिवस नाल्या बांधणार?

आता हाच हिशोब टँकरमध्ये करू. मराठवाड्यातल्या माणसाला लिटर कळत नाही, टँकर कळतो.

२५ एकरांची एक वस्ती घ्या. साधारण १० हेक्टर. सगळीकडं स्लॅब, सिमेंटचे रस्ते, पेव्हर ब्लॉक. मुरायला जागा नाही, म्हणून पडलेल्या पाण्यातलं ८० टक्के वाहून नालीकडं येतं असं धरा. १०० मिलीमीटरचा पाऊस दिवसभर समान पडला, तर त्या वस्तीतून दर दोन मिनिटांना बारा हजार लिटरचा एक टँकर नालीत रिकामा होईल. नाली ते आरामात वाहून नेते.

पण त्यातल्या साडेबावीस मिनिटांच्या जोरात? दर आठ सेकंदांना एक टँकर.

आठ सेकंदांना एक. मनातल्या मनात मोजा. आठ झाले की एक टँकर ओता. पुन्हा आठ, पुन्हा एक. आपल्या घरासमोरची नाली डोळ्यांसमोर आणा, जिच्यावर ढापे टाकून पुढं ओटे काढलेत, जिच्यातून पाण्याची पाइपलाइन आडवी गेलीय. आणि मग सांगा, ती नाली कुठल्या आकड्यासाठी बांधली होती?

हा प्रश्न मुंबईनं विचारला, पण फार मोठी किंमत मोजल्यावर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. कुलाब्यात त्याच चोवीस तासांत फक्त ७३ च्या आसपास. एकाच शहरात एवढा फरक. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलीमीटर पावसासाठी होत्या. ती क्षमता ५० करा, असं सांगणारा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल १९९३ लाच आला होता, पण बरीचशी कामं पडून होती. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली. पुढं महापालिकेनं शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, दर पंधरा मिनिटांनी नोंद घेणारे. मुंबई आजही तुंबते, ते मान्य. पण निदान किती वाजता, कुठं, किती पडला, हे तिथं सांगता येतं. तिथला पत्रकार "तासाला इतका" असं लिहितो. आम्ही अजून "मंडळात इतका" असं लिहितो.

मुंबईचं आपल्याला काय, असं म्हणू नका. आपल्या दोन शहरांची गोष्ट वेगळी आहे आणि दोघांची एकमेकांपासूनही वेगळी आहे.

नांदेडला गोदावरी आहे. वर विष्णुपुरी. पाऊस सुरू झाला की आमचं सगळ्यांचं लक्ष किती दरवाजे उघडले याच्याकडं. ते बरोबरही आहे. नदी चढली की नाल्यांचं पाणी नदीत जात नाही, उलट मागं फिरतं आणि सखल वस्त्यांत पसरतं. पण याचा एक तोटा झालाय. शहरात कुठंही पाणी शिरलं की "गोदावरी आली" म्हणून मोकळं व्हायची सवय लागलीय. आमच्या गल्लीत पाणी शिरलं त्या दिवशी विष्णुपुरीचा एकही दरवाजा उघडा नव्हता. तो पूर आमच्याच स्लॅबवरून आलेला होता.

२००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्तानं नांदेडला केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून पैसा आला. रस्ते झाले, पूल झाले, शहराचं रूप पालटलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण रस्ता सिमेंटचा झाला की त्याच्यावरचं पाणी मुरायचं बंद होतं आणि लवकर पळतं. रस्ता रुंद करताना त्याच्या शेजारची नाली पावसाच्या कुठल्या वेगासाठी काढली, हे मी तरी कुठल्या फलकावर लिहिलेलं पाहिलं नाही.

लातूरकडं नदीचं निमित्तही नाही. मांजरा शहरापासून लांब. गंजगोलाईच्या आसपास किंवा एखाद्या नव्या कॉलनीत पाणी तुंबलं, तर ते आभाळातून पडलेलं आणि शहरातच अडलेलं पाणी असतं. पण लातूर म्हटलं की सगळ्यांना आठवते ती रेल्वे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. अख्ख्या देशानं बघितलं. आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. वर्षाची सरासरी काढणाऱ्याला त्या वर्षात काहीच वावगं दिसणार नाही. एप्रिलमध्ये हंडा घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईला विचारा सरासरी म्हणजे काय ते. दिवसाच्या आकड्यात जसा तास लपतो, तसाच वर्षाच्या आकड्यात दुष्काळ लपतो.

हे सगळं पूर्वीही असंच होतं, आता एवढं काय, असं कुणी विचारेल. फरक पडलाय. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या मध्य भारतातल्या पावसाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण पावसात मोठा बदल नाही, पण मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या कमी झाल्या, असा त्याचा निष्कर्ष. त्यांनी नकाशावर जी चौकट घेतली तिच्यात नांदेड आणि लातूर दोन्ही येतात. पुढं २०१७ मध्ये पुण्याच्या आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर पडणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिप्पट झाल्या. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे भौतिकशास्त्र आहे. म्हणजे जुन्या सरासरीवर बांधलेली नाली दरवर्षी थोडी थोडी अपुरी होत चाललीय, ती स्वच्छ असली तरी.

आता खेड्याकडं येतो. कारण हा फक्त शहराचा प्रश्न नाही.

अतिवृष्टीची अट आहे चोवीस तासांत ६५ मिलीमीटर. समजा पाऊस सकाळी सहाला सुरू झाला आणि अकराला थांबला. साडेआठच्या आधी ४० पडला, साडेआठनंतर ४०. पाच तासांत ८० मिलीमीटर. पण वहीत काल ४० आणि आज ४०. दोन्ही दिवस 'मध्यम'. रान खरडून गेलं, पण कागदावर अतिवृष्टी नाही. मग पंचनाम्यासाठी चकरा मारत बसा.

हा काही मी शोधलेला दोष नाही. ठरावीक वेळेला कापलेल्या दिवसावरून काढलेला वर्षातला सर्वांत मोठा पाऊस हा खऱ्या सलग चोवीस तासांच्या पावसापेक्षा कमी भरतो, सरासरी १३ टक्क्यांनी वाढवून घ्यावा लागतो, हे अमेरिकेतल्या अभ्यासकांनी कित्येक दशकांपूर्वी काढून ठेवलंय. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत ते असतं. ५८ ला १३ टक्के वाढवा, ६५ च्या वर जातो. सरासरीचा हिशोब आहे, प्रत्येक पावसाला तसाच लागू होणार नाही. पण ६४ ला नाही आणि ६५ ला हो, असं म्हणताना आपण किती कच्च्या पट्टीनं मोजतोय हे तरी कळतं.

त्यात एक मंडळ म्हणजे सरासरी सव्वाशे-दीडशे चौरस किलोमीटर. तेवढ्यावर एक यंत्र. सांताक्रूझ आणि कुलाब्यात एवढा फरक पडू शकतो, तर एका मंडळातल्या दोन टोकांच्या शिवारांत का पडणार नाही?

१७-१८ ऑगस्ट २०२५ ची मुखेड तालुक्यातली रात्र कुणी विसरलं नसेल. मुक्रमाबाद मंडळात २०६ मिलीमीटर. हसनाळ, रावणगाव परिसर पाण्यात, माणसं गेली, जनावरं गेली, लष्कर बोलवावं लागलं. तिथं वरून आलेलं पाणी होतं, लेंडी धरणाचा प्रश्न होता, कारणं अनेक आहेत. मी एवढंच म्हणतो की आपण सगळ्यांनी छापला तो एकच आकडा, २०६. त्या रात्री किती वाजता किती पडला, पाणी चढायच्या आधी किती वेळ हातात होता, हे विचारायचं आमच्याही लक्षात आलं नाही. लोकांना उठवून बाहेर काढायचं असतं तेव्हा उपयोगी पडतो तो तासाचा आकडा. दिवसाचा आकडा नंतर पंचनाम्याला लागतो.

दोन आक्षेप येणार, मला माहीत आहे.

पहिला, "अहो, गणित कशाला, नाले साफ करा, अतिक्रमणं काढा." शंभर टक्के मान्य. पण नाला साफ केला म्हणजे किती पाणी जाईल, हे माहीत नसेल तर साफसफाईचं बिल खरं का खोटं हे कसं ठरवणार? तासाला ३० मिलीमीटरच्या नाल्यात ६० चा पाऊस आला, तर तो कितीही साफ असू द्या, तुंबणारच. आणि ३० च्या नाल्यात १५ च्या पावसाला पाणी तुंबलं, तर साफसफाई झाली नाही हे पुराव्यानिशी सिद्ध होतं. आकडा नसला की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. आकडा असला की बोट एका ठिकाणी थांबतं.

दुसरा, "एवढ्या मोठ्या पावसासाठी नाल्या बांधायला पैसा कुठून आणायचा?" बरोबर आहे. कुठलंच शहर सगळ्यात मोठ्या पावसासाठी नाली बांधत नाही. पाच, दहा, पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पाऊस धरायचा, असं कुठंतरी थांबावंच लागतं. पण कुठं थांबलो हे लोकांना सांगा की. आणि 'पंचवीस वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षं सुट्टी, असा नसतो. दरवर्षी चार टक्के शक्यता असते. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. पंचवीस वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. घर बांधणाऱ्यानं जोतं किती उचलायचं, दुकानदारानं कट्टे कुठल्या फळीवर ठेवायचे, हे त्यालाच ठरवू द्या. पण त्याला आकडा तर द्या.

मागण्या चारच आहेत. त्यातल्या पहिल्या तीन फार पैसा न लागता होण्यासारख्या आहेत.

एक. नांदेड आणि लातूर शहरांत जी काही स्वयंचलित केंद्रं आहेत, त्यांच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी रोज लोकांसाठी खुल्या करा. जुन्याही. जिथं केंद्रं कमी आहेत तिथं मोठ्या शाळांच्या गच्चीवर आणखी बसवा.

दोन. या नोंदी आपल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांना द्या. विष्णुपुरीला एसजीजीएससारखी नावाजलेली संस्था आहे, लातूर तर शिक्षणाचं गाव. किती मिनिटांचा, किती जोराचा पाऊस किती वर्षांतून एकदा येतो, याचा दोन्ही शहरांचा तक्ता शेवटच्या वर्षाची मुलं त्यांच्या सरांच्या मार्गदर्शनाखाली करू शकतात. दर पाच वर्षांनी तो नवा करायचा.

तीन. इथून पुढं कुठल्याही रस्त्याच्या किंवा नालीच्या कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि रक्कम असते, तिथंच एक ओळ वाढवा: ही नाली तासाला इतक्या मिलीमीटर पावसासाठी आहे. बस.

चार. अतिवृष्टीच्या व्याख्येत दोन बदल. साडेआठ ते साडेआठऐवजी कुठलेही सलग चोवीस तास धरा. आणि ६५ च्या जोडीला तासाभराच्या पावसाचाही निकष ठेवा. यंत्रं बसलेली आहेत. बदलायचा आहे तो फक्त कागद. हे काम सरकारचं आहे आणि दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी ते सभागृहात मांडलं पाहिजे.

आणि एक काम आपलं. तुमच्या गच्चीवर सरळ कडांचा एक स्टीलचा डबा ठेवा, झाडाच्या आणि भिंतीच्या आडोशापासून लांब. पाऊस सुरू झाला की वेळ लिहा, थांबला की वेळ लिहा, फूटपट्टीनं आतलं पाणी मोजा. एक मिलीमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. सरकारी नोंद म्हणून ते चालणार नाही. पण पुढच्या वेळी कुणी "मध्यम पाऊस होता" म्हटलं, तर तुमच्याकडं विचारायला प्रश्न असेल: किती वेळात?

आम्हा पत्रकारांनाही हे लागू आहे. वीस वर्षं मी "जिल्ह्यात सरासरी इतके मिलीमीटर" अशी बातमी पाठवत आलो. ज्या दिवशी एका कोपऱ्यात ढग ओतला आणि बाकी जिल्हा कोरडा राहिला, त्या दिवशीही मी सरासरीच पाठवली. चूक माझीही आहे. आता बातमीत "किती वेळात" हे दोन शब्द टाकल्याशिवाय पावसाचा आकडा पाठवायचा नाही, असं ठरवलंय. संपादक कापतील, तो भाग वेगळा.

गेल्या पावसाळ्यात मी डबा ठेवला होता. एका संध्याकाळी पस्तीस मिनिटांत २७ मिलीमीटर भरले. छत्री घेऊन कोपऱ्यावर गेलो. दुकानदारानं खालची फळी आधीच रिकामी केली होती. मला बघून म्हणाला, "आज बी मध्यमच का भाऊ?"

मी म्हटलं, "कागदावर त्याच्याहून बी कमी भरेल. पण तुम्ही कट्टे वर ठेवले ते बरं केलं."

त्याला पावसाचं गणित कधीच कळलंय. ते कागदावर कधी येतं, एवढंच बघायचं.

तुमच्या भागात पाणी कधी, किती वेळात शिरलं होतं, वेळेसकट खाली लिहा. नांदेड, लातूर, उदगीर, मुखेड, देगलूर, अहमदपूर, कुठलंही चालेल. सगळं एकत्र करून दोन्ही महापालिकांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयांना द्यायचा विचार आहे.